महाराष्ट्राच्या इतिहासाची अलिखित साधने

१

मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेचे आराध्यदैवत कागद हे होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जुन्या वाड्यांतील माळे, मठांतील बासने, कुलकर्ण्यांची दप्तरे यांतून मोडी कागद उजेडात येऊ लागले. राजवाड्यांचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत संपादित केले. या पिढ्यांनी वाळवीच्या तोंडून जे सोडविले त्यावर आपण आजही जगत आहो, आणि त्यांच्या ऋणाचा उच्चार केल्यावाचून या विषयात पाऊल टाकणे योग्य होणार नाही.

परंतु कागदाला स्वतःचा एक स्वभाव असतो. ज्याचे काही देणे-घेणे आहे, ज्याचे वतन आहे, ज्याचा तंटा आहे, त्याचीच कागद आठवण ठेवतो. पाटलाच्या मानपानाचा वाद महजरात येतो. त्या पाटलाच्या घरी पहाटे दळण दळणारी सून त्या महजरात येत नाही. स्वारीच्या खर्चाचा हिशेब राहतो. ज्याने घोड्यास दाणा घातला त्याच्या नावाची गरज हिशेबनिसाला नसते. गावकुसाबाहेर राहणारा मनुष्य कागदात आला तर तो बहुधा वेठीच्या किंवा गुन्ह्याच्या संदर्भात येतो. तेव्हा केवळ कागदावर रचलेला इतिहास कितीही प्रामाणिक असला, तरी तो ज्यांना लिहिता येत होते आणि ज्यांच्याविषयी लिहिणे कोणाला तरी आवश्यक होते, त्यांचाच इतिहास होतो.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या पोटात मुंबई इलाख्याचा, निजामाच्या राज्याचा, मध्यप्रांत-वऱ्हाडाचा आणि अनेक लहानमोठ्या संस्थानांचा प्रदेश एकत्र आला. एवढ्या निरनिराळ्या राजवटींखाली राहिलेल्या लोकांचा एक इतिहास लिहावयाचा, तर दप्तरांच्या पलीकडे पाहावे लागते. अशी दोन साधने आपल्या हाताशी आहेत: जुनी छायाचित्रे आणि घरगुती वापराच्या वस्तू. दोन्ही डोळ्यांना दिसतात, म्हणून ती खरी बोलतात असा आपला समज असतो. तो कितपत टिकतो हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

२

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. म्हणजे मराठी माणूस या यंत्रापुढे जसा बसला तसा फार लवकर त्याच्या मागेही उभा राहिला. तरीही त्या काळचा जो छायाचित्रसंग्रह सर्वांत प्रसिद्ध झाला तो इंग्रज छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याचा. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींची छायाचित्रे व त्यांची वर्णने त्याने दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध केली. पहिला खंड १८६३ साली निघाला. त्यात गुजरात, कच्छ व काठेवाड आहेत. दुसरा १८६६ साली निघाला, आणि त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ हा शब्द आहे. राज्य होण्यापूर्वी चौऱ्याण्णव वर्षे महाराष्ट्र या नावाखाली छायाचित्रे एकत्र बांधली गेली, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लहान नाही.

हा संग्रह प्रथम पाहणाराला वाटते की दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा रस्ताच आपल्यापुढे उघडला. पागोट्यांचे आकार, लुगड्याचे काठ, हातातील काठी, पायातील वहाणा हे सारे स्पष्ट दिसते. मग हळूहळू काहीतरी विसंगत आहे असे जाणवू लागते. माणसांवर पडलेला उजेड एका दिशेचा, मागच्या देवळावर पडलेला दुसऱ्या दिशेचा. याचे कारण असे की, जॉन्सनने माणसांची छायाचित्रे कार्यशाळेत काढली, त्यांच्या आकृती कापून घेतल्या आणि दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यांवर त्या बसविल्या. ही माणसे त्या जागी कधी उभी राहिलीच नव्हती.

यात फसविण्याचा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी काचेवर ओला लेप देऊन, तो वाळण्याच्या आत चित्र घ्यावे लागे; गर्दीच्या रस्त्यात हे साधणे दुर्घट होते. परंतु तंत्राची अडचण बाजूला ठेवली तरी दुसरी एक गोष्ट उरते. चित्राच्या खाली मथळा आहे तो जातीचा किंवा व्यवसायाचा आहे. समोर बसलेल्या माणसाला नाव होते, पण छायाचित्रकाराला त्या माणसाचे चित्र नकोच होते. त्याला ‘प्रकार’ हवा होता. हीच दृष्टी १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांतही दिसते. तेव्हा माणूस त्याच्या गावातून आणि त्याच्या नावातून अशा दोन्ही ठिकाणांहून कापून घेतला गेला. पहिली कात्री भिंग लावले की सापडते. दुसरी सापडण्यास वेळ लागतो, कारण ‘मराठा स्त्री’, ‘कोळी’, ‘चांभार’ असे मथळे वाचण्याची आपल्यालाही सवय झालेली असते.

३

कार्यशाळेत बसविलेल्या माणसाला निदान बसण्याचा मोबदला मिळाला असेल, अशी कल्पना करता येते. औरंगाबादच्या चित्रांपुढे तेवढाही आधार उरत नाही.

राजा दीनदयाळ हे सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. त्यांचे नाव काढताच राजवाडे, शिकारी, मेजवान्या आणि हत्तींच्या मिरवणुकी आठवतात. परंतु १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागात जी मदतकामे उघडण्यात आली त्यांचीही छायाचित्रे त्यांच्या कार्यशाळेने काढली. त्यांत अन्नछत्रे आहेत, अनाथ मुलांना न्हाऊ-तेल घालण्याचे देखावे आहेत, आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या माणसांचे समूह आहेत. यांपैकी एका चित्राचा इंग्रजी मथळा मराठीत सांगावयाचा तर ‘कृशतेचे नमुने, औरंगाबाद’ असा होईल.

‘नमुने’ हा शब्द येथे क्षणभर थांबून वाचला पाहिजे. जॉन्सनच्या पुस्तकात जातीचा नमुना होता. येथे उपासाचा नमुना आहे. या चित्रांचा हेतू निर्दय होता असे नाही. राज्याने मदत केली याचा तो पुरावा होता, आणि ती मदत खरीही होती. त्या चित्रांवाचून मराठवाड्यातील त्या वर्षाची तीव्रता आज आपल्याला आकडेवारीतूनच समजली असती. आणि आकडेवारीला बरगड्या नसतात. म्हणून ही चित्रे झाकून ठेवावीत असे मी म्हणत नाही. परंतु त्या माणसांनी आपल्याला कसे पाहिले जावे याविषयी संमती दिली नव्हती, हे विसरून ती चित्रे पुस्तकांच्या वेष्टनांवर छापणे मला अयोग्य वाटते. त्यांच्यातील एकाचेही नाव मथळ्यात नाही. दुष्काळाने त्यांचे अन्न नेले, मथळ्याने नाव नेले.

प्लेगच्या छायाचित्रांची जात याहून वेगळी आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची साथ उघडकीस आली. पुढील फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास घरझडती सुरू झाली, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडण्यात आली. हा क्रम आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पाठ झालेला आहे. मुंबई-पुण्याच्या प्लेगचे छायाचित्रसंग्रह लंडनच्या ग्रंथसंग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. त्यांत बंबाने घरे धुणारी पथके दिसतात, भिंतींना चुना लावणारे मजूर दिसतात, विलगीकरणाच्या छावण्यांतील झोपड्यांच्या रांगा दिसतात. चित्रे शिस्तीची आहेत; बंदोबस्त चोख होता हे ती पटवून देतात.

तथापि अशा संग्रहांत कडेला पडलेल्या सामानाकडे पाहण्याची सवय ठेवावी. झडतीत घरातील वस्तू बाहेर काढीत, कपडे व अंथरुणे जाळीत. मागाहून त्या घरावर खूण करीत. ज्या घराला उंबऱ्याच्या आत परका माणूस येणे सहन होत नव्हते, त्या घराची पिंपे, घागरी, गोधड्या रस्त्यावर आल्या. सरकारी दृष्टीने ती जंतुसंसर्ग झालेली मालमत्ता होती. घरच्या बाईच्या दृष्टीने तो तिचा संसार होता. लोकांच्या क्षोभाचे कारण आपण धर्मभावनेत आणि राजकारणात शोधतो, ते बरोबरच आहे. परंतु रस्त्यावर मांडलेला आपला संसार पाहणाऱ्या माणसाला काय वाटले असेल हे त्या कडेच्या भांड्यांवाचून नीटसे कळत नाही. याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगला बळी पडल्या. सरकारी छायाचित्रकार बंदोबस्ताची नोंद करावयास निघाला होता. त्याच्या कामात त्या वृद्ध स्त्रीला स्थान असण्याचे कारण नव्हते.

४

छायाचित्र नेहमीच माणसाला मुके करते असा मात्र निष्कर्ष काढू नये. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे काढलेले एक छायाचित्र आता जगभर प्रसिद्ध आहे. पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात त्यात आहेत: भारताच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली. येथे मथळ्यात नावे आहेत. आनंदीबाईंचे गाव म्हणून बंगालमधील श्रीरामपूर दिले आहे, तेही चुकीच्या लेखनात. कारण पती गोपाळराव यांच्या टपालखात्यातील नोकरीमुळे अमेरिकेस निघण्यापूर्वी त्या तेथे राहत होत्या. कल्याण आणि पुणे त्या मथळ्यातून गळून गेले.

परंतु जे मथळ्यात नाही ते वस्त्रात आहे. अमेरिकेतील थंडीत महाराष्ट्रीय पद्धतीचे नेसणे पुरे पडत नाही, म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीचे नेसणे पत्करले होते. परदेशीय प्रेक्षकाला ते चित्र म्हणजे ‘भारतीय स्त्रीचा वेश’. मराठी वाचकाला मात्र त्यात वीस वर्षांच्या एका मुलीने घेतलेला निर्णय दिसतो. धर्म सोडावयाचा नाही, वेश सोडावयाचा नाही, आणि थंडीने आजारीही पडावयाचे नाही, अशा तिहेरी अडचणीतून तिने काढलेली वाट त्या पदरात आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांनी त्यांच्यावर कादंबरी लिहिली. चरित्र, कादंबरी आणि छायाचित्र यांना एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे ते चित्र बोलू लागते. चित्राचे वाचन चित्राच्या बाहेरील ज्ञानावर अवलंबून असते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होईल.

५

आता वस्तूंकडे वळू. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे घरगुती वस्तूंचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे भांडार. दिनकर गंगाधर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी सुमारे अर्धशतक गावोगाव हिंडून समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, पानदाने, वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे असा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ हा त्यांचा बालपणीच निवर्तलेला मुलगा. एरवी इतिहासाने ज्याची नोंद घेतली नसती अशा एका बालकाचे नाव या संग्रहाला आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेथील अडकित्त्यांपाशी उभे राहावे. सुपारी कातरणे हे काम केवढे, पण त्यासाठी घोडे, पोपट, युगुले यांच्या आकारांत लोखंड व पितळ घडविले गेले. टाचा घासण्याच्या वज्रीला घुंगरू लावले गेले. दप्तरातील मराठेशाही घोड्यावर बसलेली असते. ही मराठेशाही ओसरीवर पान लावीत बसलेली आहे. परंतु वस्तूही छायाचित्राप्रमाणेच कापून आणलेली असते. समई घासून काचेच्या कपाटात उभी केली की तिच्यावरचे तेलाचे कीट जाते, आणि त्याबरोबर ती रोज कोण लावीत होते हेही जाते. शिवाय जे मोलाचे, जे सुबक, तेच जपले जाते. गरिबाच्या घरचे मडके फुटते, त्याची गोधडी झिजून पोतेरे होते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. त्या माणसांच्या घरच्या पाण्याच्या भांड्यांना आपल्या कपाटांत कितीशी जागा मिळाली आहे? संग्रहालयाची निवड हाही एक मथळाच असतो.

तरीपण वस्तूंमध्ये एक गुण आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका घालून जे मठारकाम करतात, त्याने पत्रा कणखर होतो आणि त्या कारागिराचा हातही त्यावर कायम उमटतो. ते भांडे बाजारातून घरी आले की त्यावर नाव घालण्याची आपली रीत. छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उठवितात: कोणाचे भांडे, कोणी दिले, कोणत्या निमित्ताने, कोणत्या तारखेस. लग्नात मामाने दिलेली घागर, बारशाची वाटी, डोहाळजेवणाचे ताट, कोणाच्या स्मरणार्थ वाटलेले तांबे. शिलाहारांचे किंवा चालुक्यांचे ताम्रपट सापडले तर आपण त्यांचे ठसे घेतो, पाठ ठरवितो, त्यावर वाद घालतो. ही भांडीदेखील ताम्रपटच आहेत. दान देणारा, घेणारा, निमित्त आणि मिती ही ताम्रपटाची सारी अंगे त्यांत आहेत. ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, शाळेच्या पटावर नव्हते, तिचे नाव वाटीच्या काठावर होते.

दुर्दैव असे की, अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आले आणि ही भांडी वजनावर मोडीत गेली. राजवाड्यांच्या पिढीने रद्दीत जाणारा मोडी कागद वाचविला. मोडीत जाणारे भांडे वाचविणारा राजवाडे मात्र आपल्याला मिळाला नाही. कागद वाचता येत नव्हता म्हणून रद्दीत जात होता; भांडे तर वाचता येत होते, पण ते वाचण्याजोगे आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

६

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची वस्तू जाते ही होय. परदेशी पाहुण्यांसाठी जी चित्रपत्रे पूर्वी विकली जात त्यांत ‘दळणाऱ्या दोन स्त्रिया’ हा एक ठरलेला विषय असे. समोरासमोर बसलेल्या दोघी, मध्ये जाते, खुंट्यावर दोघींचे हात. चित्र सुबक असते आणि अर्थातच निःशब्द असते. आता खरे जाते कधीच निःशब्द नव्हते. घास घातला, खुंटा फिरू लागला, की ओवी सुरू होई. ओवीची लय ही जात्याची लय आहे, आणि म्हणून जाते हे त्या काव्याचे छंदःशास्त्रही आहे.

साने गुरुजींनी ओव्यांचे संकलन केले; डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा हे काम पुष्कळ वाढविले. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. परंतु या परंपरेत गाणारणीचे नाव बहुधा ‘लोक’ या शब्दात विरून जाई. १९८० नंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले. पुढे अनेकींचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, त्यांची छायाचित्रे घेतली गेली. ज्यांच्या घरी नावे घातलेली पितळेची भांडी नव्हती त्यांच्याही ओव्या या संग्रहात आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील दलित स्त्रियांनी जात्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या व गायिलेल्या ओव्या त्यांतच आहेत.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि बीड हे दोन्ही जिल्हे मराठवाड्याचे. १९०० साली याच प्रदेशातील उपाशी माणसे ‘नमुने’ या मथळ्याखाली काचेवर उतरली. त्याच शतकाच्या अखेरीस याच प्रदेशातील स्त्रिया आपल्या नावानिशी, आपल्या आवाजात, आपल्या जात्यापाशी बसून नोंदल्या गेल्या. मधल्या शंभर वर्षांत मराठवाड्याचा जो इतिहास घडला, त्याचे एक माप या दोन नोंदींमधील अंतर हेही आहे.

७

यावरून काही गोष्टी ध्यानात येतात. छायाचित्र आणि वस्तू ही साधने कागदापेक्षा अधिक खरी नाहीत. त्यांचे खोटेपण मात्र कागदाहून निराळ्या जातीचे असते. छायाचित्र रूप ठेवते आणि बहुधा नाव गाळते. वस्तू नाव ठेवते, पण तिचे घर गमावून बसते. ओवी आवाज ठेवते. परंतु गिरणी आली आणि जाते थांबले की तिची लय कळेनाशी होते. म्हणून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते, आणि हे जोडकाम मुख्यतः वाचनाचे काम आहे. पाठभेद ताडून पाहणे, प्रक्षिप्त भाग ओळखणे, मथळ्याचा कर्ता कोण व तो कोणासाठी लिहितो हे विचारणे, ही सारी साहित्यसमीक्षेचीच शिस्त आहे. या साधनांचे काम केवळ संग्रहालयांच्या अधिकाऱ्यांवर सोपवून साहित्यिकांनी बाजूला राहण्याचे कारण नाही.

हे काम करावयास मोठ्या निधीची वाट पाहण्याचीही आवश्यकता नाही. घरोघरी जुन्या छायाचित्रांची पेटी असते. मागच्या रांगेतील उजवीकडची दुसरी बाई कोण, हे सांगू शकणारी एकच वृद्ध व्यक्ती बहुधा त्या घरात उरलेली असते. तिच्याजवळ बसून चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने ती नावे लिहून घ्यावीत. माळ्यावरची घागर मोडीत घालण्यापूर्वी तिच्या काठावर काय लिहिले आहे तेवढे उतरून ठेवावे. पुढच्या इतिहासकाराला त्यातून काय मिळेल ते आज सांगता येणार नाही. परंतु त्या स्त्रीला ‘नमुना’ म्हणण्याची पाळी तरी त्याच्यावर येणार नाही.